ओईरचे दोन तुकडे

"तपासणारा गाढव आहे, गाढव!"

झेरॉक्सच्या दुकानात मी हे जरा जास्तच मोठ्याने बोलले असणार. कारण रांगेत माझ्या मागे उभा असलेला माणूस दचकला आणि त्याच्या हातातली तीन खोडरबरं टपाटप खाली पडली. त्यातलं एक घरंगळत थेट मशीनखाली गेलं.

उरलेली दोन मी वाकून उचलून दिली. "सॉरी. तुम्हाला नाही म्हटलं."

"नाही नाही... चालेल," तो म्हणाला.

चालेल? हा काय प्रकार? पण मला विचार करायला वेळ नव्हता. सकाळी अकरा वाजल्यापासून माझं डोकं तापलेलं होतं. अकराला स्पॅनिश संस्थेच्या फळ्यावर दुसऱ्या पातळीचा निकाल लागला होता. पास व्हायला साठ मार्क लागतात. मला एकोणसाठ होते. निकालाच्या शेजारीच उत्तरसूची लावलेली. ती मी उभ्या उभ्या वाचली, दोनदा वाचली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण गाढव, पण?" त्या माणसाने हळूच विचारलं.

बारीक अंगाचा, चष्म्यावर पावसाचे दोन थेंब, बोटांना पेन्सिलीचा काळपट रंग. मला तेव्हा भिंत जरी भेटली असती तरी मी तिला सगळं सांगितलं असतं. हा तर निदान मान हलवत होता.

"सांगते. दहा क्रियापदं दिली होती. उच्चाराप्रमाणे तुकडे पाडा, ज्या तुकड्यावर जोर येतो त्याच्याखाली रेघ मारा. एकेक मार्क. आता 'आब्लार', बोलणं. आ, ब्लार. दोन तुकडे, जोर शेवटी. 'कोमेमोस', आम्ही खातो. को, मे, मोस. जोर मधल्या 'मे'वर. ह्यात काही वाद नाही. माझी दोन चुकली, तीही मला मान्य आहेत. पण 'ओईर'! ओईर म्हणजे ऐकणं. तीन अक्षरांचा इवलासा शब्द. मी लिहिलं, ओ, ईर. दोन तुकडे. सूचीत म्हणे एकच!"

"छापताना 'ई'च्या डोक्यावरची तिरकी रेघ राहिली असेल," तो म्हणाला. "रेघ नसली तर 'ई' शेजारच्या 'ओ'ला चिकटतो आणि दोघांचा एक तुकडा होतो. रेघ असली की तो वेगळा."

"राहिलीच होती! पण रेघेशिवाय असा शब्दच नाही ना भाषेत? मी उत्तरात रेघ देऊन लिहिलंय."

"दोनच तुकडे आहेत," तो खाली बघत म्हणाला. "तुमचं बरोबर आहे."

सकाळपासून हे वाक्य मला कुणीही म्हटलं नव्हतं. संस्थेच्या अर्ज-खिडकीतले काका म्हणाले होते, "पुढच्या वेळी करा अजून थोडा अभ्यास." आई म्हणाली होती, "जाऊ दे गं, एका मार्काने काय होतं?" एका मार्कानेच तर सगळं होतं! आमची कंपनी पाण्याच्या पंपांचे व्हॉल्व्ह बनवते. मी निर्यात विभागात बसते. स्पॅनिश बोलणारी गिऱ्हाइकं वाढली म्हणून त्यांच्यासाठी वेगळं टेबल निघणार होतं. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, तीस तारखेपर्यंत दुसऱ्या पातळीचा कागद आणा, टेबल तुमचं. नाहीतर बाहेरून माणूस घेऊ. दोन वर्षं मी ऑफिस सुटल्यावर क्लासला पळत होते. बसमध्ये, आंघोळीत, भाजी चिरताना क्रियापदं चघळत होते.

"तुम्हाला येतं स्पॅनिश?" मी विचारलं.

"थोडंफार."

मी हातातला अर्ज झेरॉक्सवाल्याकडे देणार, तेवढ्यात तो म्हणाला, "हा नका भरू. हा फेरमोजणीचा आहे. त्यात फक्त बेरीज बघतात. हरकतीचा अर्ज मागा. त्यात सुनावणी होते, तुम्हाला स्वतः बोलता येतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ऐकून आहे," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, लाजाळू आहे बिचारा.

बिचारा! आज आठवलं की अजून संताप येतो.

*

हरकतीचा अर्ज भरला. सुनावणीची तारीख मिळाली अठ्ठावीस. मधे सतरा दिवस.

झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर एक चहाची खोली आहे. चार टेबलं, एक पंखा, आणि खिडकीतून समोर संस्थेचा जिना दिसतो. तिथे आम्ही भेटायला लागलो. माझं ऑफिस साडेपाचला सुटायचं, तो त्याच्या आधीच येऊन बसलेला असायचा. माझा कप बशीने झाकून ठेवायचा, गार होऊ नये म्हणून. मी त्याचं नाव खोडरबर ठेवलं. त्याने तक्रार केली नाही. मला ठिणगी म्हणतात हे माझ्याच तोंडून निसटलं. घरी वहिनीने ठेवलेलं नाव. त्यावर तो म्हणाला, "वहिनींना भेटलं पाहिजे. माणसं ओळखतात."

"म्हणजे मी रागीट आहे?"

"मी कुठे म्हटलं? त्यांनी म्हटलं."

"तुम्ही दुजोरा दिलात."

"मी चहा पितोय."

तो मला सुनावणीसाठी तयार करत होता. म्हणाला, तुम्ही फक्त 'ओईर'वर बोललात तर ते दुसरं काही विचारून तुम्हाला गडबडवतील. सगळे नियम तोंडावर पाहिजेत. मग तो क्रियापदं सांगायचा आणि मी टेबलावर बोटाने ठेका धरायचे. साधा तुकडा हळू, जोराचा तुकडा ठसक्यात. शेवटी स्वर, 'न' किंवा 'स' असेल तर जोर शेवटून दुसऱ्यावर. नाहीतर शेवटच्यावर. आणि डोक्यावर रेघ असेल तर सगळे नियम बाजूला, जोर तिथेच.

"तुमच्यासारखं," तो म्हणाला.

"काय माझ्यासारखं?"

"रेघ. ती आली की नियम बाजूला."

मी बोटाचा ठेका चुकले.

रोज तो दहा क्रियापदांचा कागद पेन्सिलीने लिहून आणायचा, मी सोडवायचे, तो तपासायचा. पहिल्या दिवशी सात, मग आठ, मग परत सात. त्याचा इंग्रजी सात मोठा झोकात असायचा, कमरेला आडवा पट्टा बांधलेला.

"साताला पट्टा कशाला?" मी एकदा विचारलं.

"म्हणजे एक वाटत नाही. माझ्या हातून कुणाचे सहा मार्क जाऊ नयेत."

हे वाक्य तो माझ्या डोळ्यांत न बघता बोलला होता. मी त्याच्या नम्रतेवर भाळले. मूर्ख!

एकदा बाहेर पावसाची सर आली आणि आम्ही जिन्याच्या पायथ्याशी अडकलो. त्याची छत्री एकच, तीही एका बाजूला काडी मोडलेली. तो म्हणाला, "एस्पेरो."

"जोर कुठे?" मी विचारलं. 'पे'वर जोर दिला तर 'मी थांबतो'. शेवटच्या 'रो'वर दिला तर 'तो थांबला'. जोर चुकला की माणूसच बदलतो.

"'पे'वर," तो म्हणाला. "मी थांबतो. तू छत्री घेऊन जा."

तू. पहिल्यांदाच. दोघांच्याही ते लक्षात आलं... आणि दोघांनीही ते लक्षात आलं नाही असं दाखवलं. मी छत्री घेतली नाही. दोघं थांबलो. पाऊस वीस मिनिटांत थांबला, ह्याचाही मला राग आला.

त्या संध्याकाळी वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली, "काय गं, हल्ली निकालावर चिडत नाहीस तू?"

"चिडते की!"

"हो? मग हसत का चिडतेस?"

*

सव्वीस तारखेला मूळ उत्तरपत्रिका बघायची परवानगी मिळाली. दहा मिनिटं, खिडकीतल्या काकांच्या समोर बसून, हातात पेन न घेता.

चौथा प्रश्न उघडला. ओ, ईर. त्यावर लाल फुली. बघितली तरी जीव जळत होता. मी कागद ट्यूबलाइटकडे जरा तिरका धरला आणि दिसलं की फुलीखाली काहीतरी आहे. पेन्सिलीची पुसलेली खूण. बरोबरची खूण! म्हणजे कुणीतरी आधी बरोबर दिलं होतं. मग ते नीट खोडलं. मग वर लाल फुली मारली.

म्हणजे त्या गाढवाला कळलं होतं. गाढव नव्हताच तो!

मी समासाकडे बघितलं. प्रश्नाचे मार्क लिहिले होते. सात. कमरेला आडवा पट्टा बांधलेला.

मग मी पिशवीतून सरावाचे कागद काढले आणि एक कागद उत्तरपत्रिकेच्या शेजारी ठेवला. दोन सात शेजारी शेजारी उभे राहिले, जुळ्या भावांसारखे.

"काय झालं? पाणी देऊ का?" काकांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "पाण्याने हे विझणार नाही."

तो समोरच्या चहाच्या खोलीत बसलेला होता. दोन कप मागवलेले, माझ्या कपावर बशी. मला बघून हसला. मी दोन्ही कागद टेबलावर आपटले, एक त्याचा आणि एक बाहेर आल्याबरोबर मी वहीच्या पानावर उतरवलेला तो सात.

"थोडंफार येतं ना स्पॅनिश तुम्हाला?"

त्याचं हसू गेलं. 'तुम्हाला' ऐकूनच त्याला सगळं कळलं असावं.

"मी सांगणार होतो..."

"कधी? निवृत्त झाल्यावर?"

"ऐकून तरी घे."

"ऐका म्हणताय मला? तुम्ही? ज्याने ऐकण्याचेच तुकडे चुकीचे पाडले?"

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी कप खाली ठेवले. मला त्यांची पर्वा नव्हती.

"तिसाव्या पेपरला सूची नीट बघितली," तो हळू आवाजात म्हणाला. "तोपर्यंत बारा जणांना मी बरोबर दिलं होतं. प्रमुखबाईंकडे गेलो. म्हटलं, सूची चुकली आहे. त्या म्हणाल्या, छापलंय तसं तपासा, सूची म्हणजे सूची. मी परत आलो आणि..."

"आणि खोडलंत."

"खोडलं."

"किती जणांचं?"

"नंतरचे धरून एक्केचाळीस."

"म्हणून तीन रबरं घेत होतात त्या दिवशी? आधीचं झिजलं असेल!"

तो कपावरची बशी सरळ करत बसला. तेच तर मला सहन होत नव्हतं. "वर्षावर्षाचा करार आहे माझा," शेवटी तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात वाढवायचा. तो प्रमुखबाई वाढवतात. हे कारण आहे, सबब नाही. मला माहीत आहे."

"ते एक वेळ समजू शकते मी! नोकरी सगळ्यांनाच असते. पण पंधरा दिवस माझ्यासमोर बसून चहा प्यायलात. मी तुम्हाला तुमच्याच तोंडावर शिव्या देत होते आणि तुम्ही मान हलवत होतात! पहिल्याच दिवशी म्हणायचं होतं, मीच तो गाढव. एवढं सोपं वाक्य. एकही कठीण क्रियापद नाही त्यात!"

"पहिल्या दिवशी घाबरलो. नंतर जास्त घाबरलो."

"नोकरीला?"

"नाही... तू यायची थांबशील म्हणून."

हेच वाक्य त्याने आठवडाभर आधी म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. पण आता? असं वाक्य अशा वेळी बोलतात का? म्हणजे ते वाक्यही वाया घालवलं त्याने! माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

"आता थांबलेच," मी म्हणाले आणि जिना उतरले. चहाला हात लावला नाही.

घरी वहिनीने ऐकून घेतलं. मधेच म्हणाली, "त्याने तुला शिकवलं ते चुकीचं होतं का?"

"नाही. एकूण एक नियम बरोबर."

"मग?"

"मग काय मग! शिकवणी खरी, माणूस खोटा."

"हे बघ," वहिनी म्हणाली, "मार्कासाठी इतकं रडलेलं मी कुणाला बघितलं नाही अजून."

"मी मार्कासाठी रडत नाहीये!"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि दिवा बंद करून निघून गेली.

*

अठ्ठावीस तारखेला सकाळी दहा वाजता सुनावणी होती. लांबलचक टेबल. मधे प्रमुखबाई, इस्त्रीची घडीसुद्धा मोडणार नाही अशा बसलेल्या. त्यांच्या बाजूला बाहेरून बोलावलेले एक निवृत्त प्राध्यापक, कानात श्रवणयंत्र. टोकाला टिपण घ्यायला खिडकीतले काका. आणि भिंतीकडच्या खुर्चीवर तपासणीस म्हणून बोलावलेला... तो. मी तिकडे बघितलं नाही. पण त्याने दाढी केलेली नव्हती एवढं दिसलं.

"प्रश्नपत्रिकेत शब्दावर रेघ नाही," प्रमुखबाई म्हणाल्या. "जे छापलंय त्याचे तुकडे पाडायचे होते. रेघ नाही म्हणजे एक तुकडा. तुम्ही पदरची रेघ घातलीत."

"प्रश्नात लिहिलंय 'क्रियापदांचे तुकडे पाडा'," मी म्हणाले. "रेघ नसलेलं असं क्रियापद नाहीच. संस्थेच्या पहिल्या पातळीच्या पुस्तकात, छत्तिसाव्या पानावर, हा शब्द रेघेसकट आहे. पुस्तकही तुमचंच, मॅडम. मग पुस्तक चुकलं की पेपर?"

"छपाईत बारीकसारीक खुणा सुटतात. त्याचा एवढा बाऊ..."

"मग सुटलेल्या खुणेची शिक्षा मला का?" माझा आवाज चढला. मी तो खाली आणायचा प्रयत्न केला. आला नाही. "मॅडम, एक विनंती आहे. तुम्ही वीस वर्षं शिकवताय. एकदा फक्त म्हणून दाखवा तो शब्द."

"कशाला?"

"म्हणा ना," प्राध्यापक श्रवणयंत्र चाचपत म्हणाले. "मलाही ऐकू दे."

प्रमुखबाईंनी ओठ घट्ट केले. पण जिभेला वीस वर्षांचं वळण होतं. चुकीचं बोलणं त्यांना जमलंच नाही. "ओ-ईर," त्या म्हणाल्या. स्वच्छ, सुंदर, दोन तुकड्यांत.

काकांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"मी म्हातारा आहे, यंत्र लावतो," प्राध्यापक म्हणाले, "पण मला दोन ऐकू आले." मग ते भिंतीकडे वळले. "तपासणीस, तुम्हीच पेपर तपासलेत ना? तुमच्या तेव्हा लक्षात आलं होतं का हे?"

प्रमुखबाई त्याच्याकडे बघत होत्या. 'नाही' म्हणाला असता तर कुणालाच काही झालं नसतं. छपाईची चूक, सूचीची चूक, सगळे सुटले असते. मला एक मार्क मिळाला असता, त्याचा करार वाढला असता.

तो उभा राहिला. "आलं होतं. तिसाव्या पेपरला. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी सूचीप्रमाणे तपासायला सांगितलं. पण लाल पेन माझ्या हातात होतं. मी नाही म्हणू शकलो असतो, म्हणालो नाही. एक्केचाळीस जणांचा मार्क मी काढून घेतलाय. सगळ्यांना परत द्यावा. एकट्या ह्यांनाच नव्हे."

आणि एक यादी काढून त्याने टेबलावर ठेवली. एक्केचाळीस बैठक क्रमांक, शाईच्या पेनने लिहिलेले.

इतका वेळ मी राग नीट तासून, टोक काढून आणला होता, आणि आता तो टोचायचा कुठे ते कळेना. मग वाटलं, एवढंच बोलायचं होतं तर सतरा दिवस आधी का नाही बोललास? आणि हुश्श... राग परत जागेवर आला.

एक्केचाळीस जणांना मार्क मिळाला. त्यात नऊ जण पास झाले. मला साठ. बाहेर व्हरांड्यात तो माझी वाट बघत उभा होता.

"अभिनंदन."

"तुम्ही अजून नापासच आहात माझ्याकडे," मी म्हणाले.

"किती मार्कांनी?"

"...एकाच."

"मग हरकतीचा अर्ज कुठे मिळेल?"

"खिडकी बंद आहे," मी म्हणाले आणि चालायला लागले. ओठाचा कोपरा दातांत दाबून धरला होता, तो कुणाला दिसू नये म्हणून वळून पाहिलं नाही.

*

दुरुस्त निकालाच्या कागदावर टेबल मला मिळालं. खिडकीशेजारचं, स्वतंत्र फोनचं. पहिला फोन एका खवळलेल्या गिऱ्हाइकाचा आला. व्हॉल्व्ह गळतात म्हणून तो अर्धा तास ओरडत होता. मी शांतपणे ऐकून घेतलं. रागावलेल्या माणसाला नेमकं काय हवं असतं ते मला चांगलं माहीत होतं. शेवटी तो हसायला लागला.

साहेब खूश झाले. आई खूश झाली. मी सोडून सगळे खूश.

चहाच्या खोलीकडे मी रोज बघत जायचे. आत नाही, फक्त खालून. खिडकीतली खुर्ची रिकामी असायची. मनात म्हणायचे, बरं झालं. मग घरी येऊन वहिनीवर उगाच खेकसायचे. असे पंधरा दिवस गेले.

मग छापील प्रमाणपत्र आणायला संस्थेत गेले. काकांनी सही घेतली, प्रमाणपत्र दिलं आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "त्यांचा करार नाही वाढवला हो. सुनावणीनंतर चौथ्या दिवशीच."

"कुणाचा?" मी विचारलं. जणू मला माहीत नव्हतं!

"सध्या आत्याच्या घरी शिकवण्या घेतात, पुढच्या खोलीत. नियमात बसत नाही, पण..." आणि काकांनी फेरमोजणीच्या एका कोऱ्या अर्जाच्या पाठीवर पत्ता लिहून दिला.

मी रिक्षा केली नाही. चालत गेले. चालल्यावर राग उतरतो म्हणतात. साफ खोटं आहे. प्रत्येक पावलागणिक तो चढत होता. तळमजल्यावरचं घर, दार उघडंच. पुढच्या खोलीत एक छोटा फळा, चार खुर्च्या, तीन विद्यार्थी. ड्यूटीवरून थेट आलेली एक नर्स, एक निवृत्त पोस्टमन आणि एक कॉलेजातली मुलगी. तो खडू हातात घेऊन उभा होता. मला बघून खडू तसाच वर राहिला.

"नोकरी गेली आणि मला सांगितलं नाहीस?" मी दारातूनच ओरडले.

"अगं, तू..."

"पंधरा दिवस! परत पंधरा दिवस! तुला सवयच आहे का पंधरा दिवस लपवायची?"

"तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे गेली. मला ते तुझ्या डोक्यावर नको होतं."

"माझ्या डोक्यावर काय ठेवायचं ते मी ठरवीन! आणि माझ्यामुळे का जाईल? तू खरं बोललास म्हणून गेली. त्याचं श्रेय मी कशाला घेऊ?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "कोण रे ओरडतंय?" आत्याने विचारलं.

"आत्या... ती आलीय."

"तीच का ती?"

"तीच."

"मग ओरडू दे," आत्या म्हणाली आणि परत नळ सुरू केला.

पोस्टमन खोकले. नर्सने हळूच विचारलं, "सर, आम्ही जाऊ का?"

"बसा," मी म्हणाले. "तुमचा काही दोष नाही." मग त्याच्याकडे वळले. आवाज आपोआप खाली आला होता. "हे बघ. मला लपवाछपवी चालत नाही. वाईट बातमी असली तर ती पहिली मला सांगायची. चांगली तू कुणालाही सांग. वाईट पहिली माझी. कळलं?"

"मग एक सांगायची आहे," तो म्हणाला. खडू त्याने खिशात ठेवला, खिसा पांढरा झाला तरी त्याला पत्ता नव्हता. "चांगली की वाईट ते तू ठरव. मला तू आवडतेस. गाढव म्हणालीस त्या क्षणापासून. मधले दिवस मी भित्रा होतो, पण हे तेव्हाही खरं होतं."

कॉलेजातल्या मुलीने वही तोंडासमोर धरली.

"ही बातमी जुनी आहे," मी म्हणाले. गाल तापले होते. रागानेच असणार. "मला आधीच माहीत होती."

"मग?"

"मग काय? राग आहे अजून."

"कधी जाईल?"

"आज काय विचारतोस? येऊन विचारत जा."

"रोज?"

"रोज. आणि रविवारी घरी ये. आई आणि वहिनी दोघीही असतात. दार उघडेल तिला आधी सांगायचं, तू कोण आहेस ते. आत येऊन नाही, दारातच."

"सांगतो," तो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "पण... कोण म्हणून सांगू?"

तीन विद्यार्थी माझ्याकडे बघत होते. आतला नळ पुन्हा बंद झाला.

"माझा," मी म्हणाले आणि चौथी खुर्ची ओढून बसले. "आता शिकव. ह्यांचा तास वाया चाललाय."